घंटेआधीचे तास

“पॅराशूटच्या कारखान्याचा हा कागद मी घेणार नाही, साहेब,” असं म्हणून तासबाईने कागद साहेबांच्या टेबलावर पाण्याच्या ग्लासाखाली दाबून ठेवला. पंखा चालू होता. उडाला असता तर वाकून तिलाच उचलावा लागला असता.

साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. “बाई, तास वाढले की तुम्ही कारखान्यांशी भांडता, ते मला कळतं. पगारच त्याचा आहे आपला. पण कमी झाले तरी भांडता?”

“कमी झाले म्हणूनच.”

“हात बसला असेल बायकांचा.”

“त्या काय काल लागल्या? निम्म्या जणींचे केस त्या मशीनवर पिकलेत. कापड तेच, नमुना तोच, मशीन तेच, बायका त्याच. आणि तास एकदम चौथाईने उतरले? हात बसतो तो पहिल्या काही नगांना. मग उतरायचं थांबतं. माणसाचं अंग आहे ते साहेब, घसरगुंडी नाही.”

साहेबांनी ग्लास उचलला, पाणी प्यायले आणि ग्लास परत कागदावर ठेवला. कागदावर ओला गोल उमटला.

“मोठी खरेदी आहे, बाई. शुक्रवारी आकडा वर जायला हवा. हा आकडा बघून वरचे सगळे खूश होतील. तुम्ही एकट्याच तोंड वाकडं करून बसलाय.”

“माझं तोंड आहेच तसं.”

साहेब हसले. माणूस वाईट नव्हता. नुसता घाईत होता, आणि वय असं की घाईत असणं म्हणजेच काम करणं असं वाटायचं. “तुमच्या नणंदबाई तिथेच आहेत ना? मग आज जेवताना विचारून टाका की.”

“घरी आम्ही तास बोलत नाही,” तासबाई म्हणाली. “उद्या सकाळी जाऊन येते.”

तासबाईचं काम सांगायला सोपं. करायला मात्र डोकं उठवणारं. लष्कराला काय काय लागतं. बूट लागतात, तंबू लागतात, पाण्याच्या टाक्या, गाड्या, पॅराशूट. एकेक वस्तू बनवताना कापायला किती तास गेले, शिवायला किती, तपासायला किती, बिघडलेलं निस्तरायला किती, माल किती लागला नि किती वाया गेला, हे सगळं कारखान्यांकडून गोळा करायचं, ज्याच्या त्याच्या खणात घालायचं आणि जपून ठेवायचं. कशासाठी? तर चार-पाच वर्षांनी कुणीतरी तीच वस्तू पुन्हा घ्यायला निघतो. तो ह्या आकड्यांच्या कोठीत हात घालतो नि आकडा बाहेर काढतो. तो कारखान्यात जात नाही. शिवणारी बाई त्याला दिसत नाही. आकडा सांगेल तेच त्याच्यासाठी खरं. म्हणून आत जाणारा आकडा धुऊन-पुसूनच आत गेला पाहिजे, असा तासबाईचा हट्ट. कुठल्याही कारखान्यात शिरली की कशी आहेस, बरी आहेस, असलं काही नाही, पहिला प्रश्न “तास किती लागले?” त्यावरून एका लेथवाल्याने तिला हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं, की आता नवराही तेच म्हणायचा.

वन्सं, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, ह्यांच्याकडेच राहायच्या. नवरा लवकर गेला, माहेरी आल्या आणि राहिल्या. तासबाई ह्या घरात सून म्हणून आली तेव्हा वन्सं आधीच पॅराशूटच्या कारखान्यात मशीनवर बसत होत्या. पॅराशूटचं जे कापड हवेत फुगतं, त्याला तिथे छत्री म्हणतात. लांबलांब पाकळ्या एकमेकींना जोडून छत्री होते. खिडकीजवळच्या ओळीतलं तिसरं मशीन वन्संचं. पोरी त्यांना आत्या म्हणायच्या, मुकादमही आत्याच म्हणायचा. पुढे तासबाई खरेदीखात्यात लागली आणि वन्संच्याच कारखान्याचे तास तिच्या टेबलावर यायला लागले. साहेबांना तिने हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. आणि घरी ठरून गेलं होतं, की चूल एक, तास वेगळे.

त्या संध्याकाळी वन्सं उशिरानेच आल्या. पाय धुतले, भिंतीला टेकून बसल्या नि गुडघे चोळायला लागल्या.

“काय ताई, सकाळी फिरायला जाऊन गुडघे बरे व्हायच्याऐवजी आणखीच कुरकुरतायत की,” नवरा म्हणाला. हल्ली महिनाभर वन्सं सकाळी लवकर बाहेर पडायच्या. गुडघ्यांसाठी फिरते, मग तशीच कामावर जाते, असं सांगायच्या. चहासुद्धा थांबून प्यायच्या नाहीत.

“तुला काय करायचंय? तू आपला बसून बसून कुल्ले रुंद कर.”

“बहिणीची माया बघा.” नवऱ्याने मनगट पुढे केलं. “आणि हे बटण बघा. पांढऱ्या सदऱ्याला पिवळा दोरा. मला आज सगळे विचारत होते, की नवी पद्धत आहे का.”

वन्संनी बाही ओढून डोळ्यांशी नेली. बराच वेळ बघत राहिल्या. “दोराच तसला येतो हल्ली. रंग उतरलेला.”

तासबाई भाजी चिरत होती. तिने मान वर करून बघितलं. दोरा चांगला पिवळाधमक होता.

“चष्म्याचा नंबर तरी बघून या, वन्सं,” थोड्या वेळाने ती म्हणाली.

“बघितला. डॉक्टर म्हणतो, काच आता काही करणार नाही. पडदा जुना झालाय म्हणतो. आता पडदा काय मी बदलून शिवू?” वन्सं हसल्या, पण लगेच आवाज खाली आला. “कारखान्यात कुणाला बोलू नकोस. मुकादमाला कळलं तर उचलून पिशवी टेबलावर बसवेल. तिथे छत्र्यांच्या पिशव्यांना नाड्या ओवतात. नाड्या ओवण्यापेक्षा मी घरी बसेन.” मग थांबून, “आणि घरी बसून तरी काय करू?”

नवरा बटण फिरवत बसला.

सकाळी तासबाई उठली तेव्हा वन्संच्या चपला जागेवर नव्हत्या. तिने डबा भरला आणि पहिली बस धरली. तपासायला जायचं तर घंटा व्हायच्या आधी जायचं ही तिची रीत. कामावर माणसं कशी येतात, हजेरीचं कार्ड पंच कसं होतं, कोण कुठे बसतं, ते बघितल्याशिवाय कागदावर तिचा विश्वास बसत नसे.

रखवालदार ओळखीचा होता. शिवणखाना उघडा होता पण दिवे बंद. तिला वाटलं, अजून कुणी आलं नाही. दारात पाऊल टाकलं आणि मशीनचा आवाज आला. एक नाही, चार-पाच. हलक्या पायाने चालवल्यासारखा, चोरून हसल्यासारखा.

खिडकीच्या ओळीत बायका बसल्या होत्या. बाहेरून येईल तेवढाच उजेड. पांढऱ्या कापडाचे ढीग मांड्यांवर. आणि तिसऱ्या मशीनवर वन्सं. इतक्या वाकलेल्या की आता नाक सुईला लागेल.

दाराशी भिंतीवर हजेरीची कार्डं होती. तासबाईने त्या ओळीची कार्डं बघितली. एकावरही आजचा छाप नव्हता.

ती वन्संच्या मशीनपाशी जाऊन उभी राहिली. शेवटच्या मशीनवरच्या मुलीने तिला आधी बघितलं. तोंडावर हात नेला आणि पाय उचलला. मग एकेक मशीन थांबत गेलं. वन्संचं सगळ्यात शेवटी थांबलं.

“आलीस?” वन्सं मान वर न करता म्हणाल्या. “येशील म्हणून वाटलंच होतं. बटणावरून.”

“बटणावरून नाही. कागदावरून.” तासबाईचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. “वन्सं, हे फिरणं का तुमचं?”

“फिरणंच. चाक फिरतंय की.”

एक-दोघी खुदकन हसल्या नि गप्प झाल्या.

“किती दिवस चाललंय?”

“तास विचारायची ती दिवस विचारायला लागली,” वन्संनी ओळीकडे बघून म्हटलं. मग मात्र त्या वळल्या. “हे बघ. दुसरा कारखाना निघालाय. तिथे सगळ्या कोवळ्या पोरी. मालकाने सरळ सांगितलं, तुमचे तास जास्त दिसले तर पुढची ऑर्डर तिकडे जाईल. मग आम्ही ठरवलं, तुझ्या कागदावर आपण स्वस्त दिसायचं. घंटेआधी थोडं, जेवणाच्या सुट्टीत थोडं, सुटल्यावर थोडं. कार्ड नाही पंच करायचं, बस. कुणाच्या बापाचं काय गेलं? आमचाच वेळ आहे.”

“आणि तुमचं?”

“माझं काय?”

“तुमचं नुसतं ऑर्डरचं नाही, वन्सं.”

वन्संनी सुईखालचं कापड उगाच सारखं केलं. “मला एका पाकळीला हल्ली दुप्पट वेळ लागतो. दिवसभरात इतरांच्या बरोबरीने पाकळ्या होत नाहीत. राहिलेल्या सकाळी करते. टाका चुकीचा घालत नाही मी. एकही छत्री परत आली नाही अजून. हळू करते, पण नीट करते. आता बोल.”

तासबाईने डबा जमिनीवर ठेवला. बोलायचं खूप होतं, पण बायका बघत होत्या आणि मुकादम कुठल्याही क्षणी आला असता.

“वन्सं, माझ्या कागदाला ही सकाळ माहीत नाही. तो एवढंच म्हणणार, की एक छत्री इतक्या तासांत होते. ते कोठीत जाऊन बसलं की बसलं. पुढच्या खेपेला तुम्हाला तेवढेच तास देतील. तेव्हा ही सकाळ त्यात धरलेलीच असेल. मग आणखी लवकर येणार? कुठून आणणार दुसरी सकाळ?”

शेवटच्या मशीनवरची मुलगी, बुटकी, अंगावर दूध पाजणाऱ्या बाईसारखी ओढणी घट्ट गुंडाळलेली, हळूच म्हणाली, “आत्या, मी तर पोराला झोपलेलं टाकून येते.”

“तू गप,” वन्सं म्हणाल्या. पण तिच्याकडे बघताना त्यांचा चेहरा पडला. मग तो राग सगळा तासबाईवर निघाला. “मग लिही ना! लिही, आमच्या वन्सं आंधळ्या झाल्या. कर खरं ते. तुझी कोठी स्वच्छ राहू दे. माझी खुर्ची गेली तर गेली.”

घंटा झाली. दिवे लागले. बायका उठून कार्डाकडे गेल्या, जणू आताच आल्या. वन्संही गेल्या. जाताना भावजयीच्या खांद्याला खांदा लागला, तरी वळून बघितलं नाही.

त्या दिवसापासून घरात बोलणं बंद झालं. म्हणजे वन्सं भावाशी बोलायच्या, तासबाई नवऱ्याशी बोलायची, आणि दोघींचं सगळं त्याच्यामार्फत. “त्यांना सांगा, मीठ द्या.” “तिला म्हणावं, समोरच आहे.” नवरा वैतागला. “घरात लष्कर येऊन उतरलंय की काय? मला शिपायाचा पगार तरी द्या,” म्हणाला. कुणी हसलं नाही.

ऑफिसात साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीत मागे रेलून छताकडे बघत बसले.

“शेऱ्यात एक ओळ टाकू,” शेवटी म्हणाले. “‘काही तास नोंदीबाहेर असण्याची शक्यता’ वगैरे.”

“शेरा कोण वाचतं, साहेब? तुम्ही वाचता?”

साहेबांनी चष्मा पुसायला घेतला. नव्हतंच ते वाचत.

“समक्ष मोजणी करा,” तासबाई म्हणाली. नियम तसा जुना होता. मशीन बदललं नाही, नमुना बदलला नाही आणि तरीही तास धाडकन उतरले, तर खात्याच्या माणसाने तिथे बसून एक नग डोळ्यांसमोर बनवून घ्यायचा. जो वेळ लागेल तो खरा. कुणी करत नसे. दोन-दोन दिवस स्टुलावर कोण बसणार?

“म्हणजे आकडा चढणार. खरेदी अडकली तर वरून मला फोन.”

“सांगा, मोजलं म्हणून.”

“आणि लिहिणार कोण? तुम्हाला तर बसता येणार नाही. नात्यातला मामला.”

“म्हणूनच तुम्ही.”

साहेबांनी कंबरेवर हात ठेवला. कंबर त्यांची आधीच धरलेली असायची. मग नियमाचं पान काढलं, वाचलं. “ज्या ओळीत तास सगळ्यात जास्त उतरले ती ओळ घ्यावी, असं आहे.” त्यांनी तक्त्यावर बोट फिरवलं आणि खिडकीच्या ओळीवर थांबवलं. बोट तिथेच ठेवून तासबाईकडे बघितलं. “बाई, ‘सोयीनुसार’ असाही शब्द आहे इथे. दुसरी ओळ घेऊ? मला चालेल. कुणी विचारणार नाही.”

एक शब्द बोलली असती तर वन्संचं मशीन वाचलं असतं. आणखी वर्षभर, कदाचित दोन. सकाळच्या उजेडात नाक सुईला लावून. ती बुटकी मुलगी झोपलेल्या पोराला टाकून. आणि कोठीत एक आकडा जाऊन बसला असता, जो कुणाला काही सांगणार नव्हता.

साहेबांचाच ग्लास उचलून तासबाई दोन घोट प्यायली.

“तीच घ्या,” म्हणाली.

कारखान्यात सूचना लागली तशी घरीही पोचली. संध्याकाळी वन्सं आल्या, पाय धुतले, भिंतीला टेकल्या. नवरा बाहेर गेला होता. मध्ये बोलायला कुणी नव्हतं.

“कोण लिहिणार?” वन्संनी भिंतीला विचारल्यासारखं विचारलं.

“साहेब.”

“तू?”

“मी असेन. मागे उभी राहीन.”

“मागे नको. मागे कुणी उभं राहिलं की माझा टाका हलतो. समोर बस. दिसेल अशी.”

तासबाईने मान हलवली. मग लक्षात आलं, की संध्याकाळच्या उजेडात वन्संना मान हललेली दिसली नसेल. “बसते,” ती म्हणाली.

मोजणीच्या दिवशी मुकादमाने सकाळीच तयारी करून ठेवली होती. दुसऱ्या ओळीतली एक चपळ पोरगी आणून तिसऱ्या मशीनवर बसवली होती. “साहेब, आपली सगळ्यात चांगली कारागीर,” हात चोळत म्हणाला.

वन्सं दारात कार्ड पंच करून आल्या. आज घंटेनंतर. पदर खोचलेला, चष्मा पुसलेला. मशीनपाशी येऊन उभ्या राहिल्या. “ऊठ गं.”

“आत्या, अहो, आजच्या दिवस...” मुकादमाने डोळे मिचकावले.

“ओळ कुठली मोजतायत?”

“खिडकीची, पण...”

“खिडकीच्या ओळीत ही कधी बसली? हिचे तास मोजाल नि आमच्या नावावर लिहाल?” वन्सं साहेबांकडे वळल्या. “साहेब, तिसऱ्या मशीनवर मी बसते. ह्या पोरी उडत्या पाखरासारख्या शिवतात, त्यांचा वेळ बघायचा तर उद्या बघा. आज माझा बघा. माझ्या तासांत बसलं तर सगळ्यांना जमेल.”

मुकादम मागे सरकला. चपळ पोरगी उठली. तासबाई समोरच्या बाकड्यावर बसली, हात मांडीवर. तिच्याकडे आज कागद नव्हता, पेन नव्हतं, हातांचं काय करायचं कळत नव्हतं. साहेब स्टुलावर बसले, घड्याळ बघितलं आणि लिहायला सुरुवात केली.

वन्संनी पहिल्या दोन पाकळ्यांच्या कडा बोटांनी जुळवल्या. डोळ्यांनी नाही. अंगठा आणि पहिलं बोट कडेवरून असं सरकत गेलं, जसं कुणी झोपलेल्या लेकराच्या केसांतून फिरवतं. टाचण्या लावल्या. मग वाकल्या आणि मशीन चालू झालं. हळू. इतकं हळू की शेजारच्या मशीनचा आवाज त्याच्यावरून उड्या मारत पुढे जायचा.

साहेब सुरुवातीला घड्याळ नि कागद एवढंच बघत होते. मग त्यांचं घड्याळाकडे बघणं कमी झालं. दोन-चार पाकळ्या झाल्यावर त्यांनी विचारलं, “हे घालणारा माणूस बघितलाय का हो तुम्ही कधी? उडी मारणारा?”

“नाही. आला कधी तर विचारीन, वर गेल्यावर पोटात गोळा येतो का.” मशीन थांबलं नाही. “मला तर स्टुलावर चढलं तरी येतो.”

साहेब मोठ्याने हसले नि मग कंबर धरून कण्हले.

जेवणाची घंटा झाली. ओळीतल्या बायकांनी सवयीने माना खालीच ठेवल्या. वन्संनी सुई कापडात उतरवून ठेवली, उठल्या, डबा काढला. बायका बघत राहिल्या. मग ती बुटकी मुलगी उठली. मग दुसरी. सगळी ओळ जेवायला गेली. मुकादमाला कुठे बघावं कळेना, तो खिडकी उघडायला लागला, आणि ती तर उघडीच होती.

दुपारनंतर एका जोडाला टाक्याची रेघ कडेपासून जरा ढळली. वन्संना ते दिसलं नाही. त्यांनी बोट फिरवलं तेव्हा कळलं. मशीन थांबलं. मुकादम साहेबांच्या मागून हाताने खूण करत होता, चालेल, चालेल, पुढे जा. खरंच चाललं असतं कदाचित. तपासणीवाल्याने सोडलं असतं.

तासबाईला वाटलं, जाऊ दे वन्सं. एवढं जाऊ दे. तिने ते तोंडाने म्हटलं नाही, पण तोंड उघडलं होतं नक्की.

वन्संनी कात्रीचं टोक घेतलं आणि एकेक टाका उसवायला सुरुवात केली. उसवताना कापडाला भोक मोठं होऊ द्यायचं नाही. दुसऱ्यांदा उसवायची परवानगी नसते, मग पाकळीच फेकतात. डोळे मिटल्यासारखे करून, बोटांनी चाचपत त्या उसवत गेल्या. साहेब लिहीत होते. वेळ जात होता. सगळा शिवणखाना वाट बघत होता आणि कामही करत होता.

संध्याकाळची घंटा झाली तेव्हा छत्री निम्मीच झाली होती. वन्संनी त्यावर कापड झाकलं आणि उठल्या. “उद्या,” म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पूर्ण झाली. तपासणीवाल्याने ती काचेच्या टेबलावर पसरली. खालून दिवा लावला. पांढऱ्या कापडातून उजेड वर आला नि सगळे जोड काळ्या रेघांसारखे दिसायला लागले. तो एकेका रेघेवरून हात फिरवत गेला. उसवलेल्या जागी थांबला, वाकला, भिंगातून बघितलं आणि पुढे गेला. शेवटी छाप मारला.

साहेबांनी बेरीज केली. कागदावर जे तास आले होते त्यांच्या दीडपटीच्याही पुढे गेलं होतं. इतर चार मशीनवरही त्यांनी मग एकेक पाकळी मोजली. तिथेही कागदापेक्षा जास्तच. त्यांनी सही केली आणि पेनाचं टोपण लावलं. “शुक्रवारी हाच जाईल,” म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही.

तो गेला. वरून दोनदा फोन आला, साहेबांनी दोन्ही वेळा “मोजलं” एवढंच सांगितलं. खरेदी थोडी लांबली, नग थोडे कमी झाले. पण ऑर्डर त्याच कारखान्यात राहिली. दुसऱ्या कारखान्यालाही मग समक्ष मोजायचं ठरलं, तेव्हा तिथले कोवळे तासही बरेच वाढले म्हणे. खिडकीच्या ओळीत घंटेआधी कुणी यायचं नाही, असा कागद मालकाने स्वतः दाराला लावला, जणू ही त्याचीच कल्पना.

मोजणी संपली त्या संध्याकाळी दोघी बरोबरच घरी निघाल्या होत्या. बसच्या थांब्यावर येऊन उभ्या राहिल्या. मग वन्संनी विचारलं, “शेवटी किती लिहिले?”

तासबाईने आकडा सांगितला.

वन्संनी तो मनात घोळवला. “बरोबर आहेत,” म्हणाल्या. “एवढेच लागतात मला.” मग, बस येताना दिसल्यावर, “नंबर सांग गं. मला वाचता येत नाही लांबून.”

तासबाईने नंबर सांगितला आणि त्यांचा हात धरून चढवलं. वन्संनी हात सोडवून घेतला नाही.

मुकादम तीन दिवस वन्संच्या आजूबाजूला घुटमळत राहिला. चौथ्या दिवशी आला. “आत्या, मालक म्हणतात, पहिल्या तारखेपासून...”

“पिशवी टेबल.”

“तुमच्याच डोळ्यांसाठी हो. तिथे बसून काम आहे.”

“इथे काय मी उभी होते?” वन्सं म्हणाल्या. पण भांडल्या नाहीत. “शनिवारपर्यंत मशीन माझं आहे ना? मग जा. टाका हलतो.”

शनिवारी तासबाई नव्या नोंदींचे कागद घ्यायला आली होती. सुटायची घंटा झाली होती, बायका कार्डापाशी गर्दी करून बोलत होत्या. वन्सं मात्र तिसऱ्या मशीनपाशीच होत्या. त्यांनी मशीनच्या पोटातून दोऱ्याचे बारीक तुकडे झाडून काढले. सांध्यांत तेल सोडलं. फडक्याने वरून पुसलं, मग खालून, जिथे कुणी पुसत नाही.

“चला वन्सं,” तासबाई म्हणाली.

“थांब.”

मग त्या खाली बसल्या, गुडघा टेकवला आणि स्टुलाच्या बुडाखाली हात घातला. स्टुलाची उंची बदलायचा लोखंडी स्क्रू होता. इतक्या वर्षांत तो कधी कुणी फिरवलाच नव्हता, गंजून बसला होता. वन्संनी त्याच्यावर तेल ओतलं, थांबल्या, पुन्हा ओतलं. दोन्ही हातांनी धरून जोर लावला. तासबाई मदतीला वाकली तशी त्यांनी कोपराने तिला मागे सारलं. स्क्रू कर्रकन फिरला. एक फेरा, दोन फेरे. स्टूल खाली आलं. त्यांनी हाताने उंची चाचपून बघितली आणि आणखी अर्धा फेरा दिला.

“ए पोरी,” त्यांनी दाराकडे हाक मारली. “इकडे ये. आता हे मशीन तुझं. बसून बघ.”

शेवटच्या मशीनवरची ती बुटकी मुलगी ओढणी सावरत आली आणि बिचकत स्टुलावर बसली. तिचे पाय पायपट्टीवर अलगद टेकले.

“पोचतात?” वन्संनी विचारलं.

“पोचतात, आत्या.”

“मग झालं,” असं म्हणून वन्संनी हाताचं तेल पदराला पुसलं.